सदस्य दिवंगत असल्यास

खोडलेलं वाक्य माणूस सगळ्यांत आधी वाचतो. ज्याला हे पटत नसेल त्याने अकरा वर्षं एखाद्या ग्रंथालयाच्या पत्रविभागात बसून बघावं. जरतरबाई बसली होती, म्हणून तिला ठाऊक.

तिच्या टेबलावर एकाच छापाच्या कागदांचा गठ्ठा असायचा. ग्रंथालयाला जगात जे जे म्हणून कुणाला कळवायचं असेल ते सगळं त्या एका कागदावर ओळीने छापलेलं. आपल्याकडील पुस्तकाची मुदत उलटली आहे. आपण परत केलेले पुस्तक फाटलेले आढळले. आपण राखून ठेवलेले पुस्तक आले आहे. आपले कार्ड नव्याने करून घ्यावे. आणि सगळ्यांत शेवटी, आपल्या कुटुंबातील सदस्याच्या निधनाचे वृत्त कळून दुःख झाले. खाली बारीक अक्षरांत सूचना: 'लागू नसेल ते खोडावे.' जरतरबाई स्टीलची पट्टी धरून निळ्या पेनाने एकेक ओळ खोडायची. दिवसाला साठ कागद. खोडून खोडून मधल्या बोटाला घट्टा पडला होता.

आणि लोक? राखून ठेवलेलं पुस्तक आल्याचा आनंद राहिला बाजूला. एक गृहस्थ तर कागद उजेडाकडे धरून, खोडलेली शेवटची ओळ अक्षर अक्षर लावून, धापा टाकत काउंटरवर आले. "कोण गेलं आमच्यातलं? आणि कुणी गेलंच नसेल, तर तुम्हाला खोडायची वेळ का आली?" त्यांना खुर्ची द्यावी लागली, पाणी द्यावं लागलं, आणि त्यांच्या घरी सगळे सुखरूप आहेत हे खुद्द ग्रंथपालांना छातीवर हात ठेवून सांगावं लागलं.

म्हणून मग संगणकावरचा साचा आला. ग्रंथपाल भला माणूस, पण नवीन काही दिसलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा. त्यांनी साच्याची माहितीपुस्तिका पहिल्या टेबलावर ठेवली. पहिल्याने ती दुसऱ्याकडे सरकवली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि अशी सरकत सरकत ती जरतरबाईपाशी येऊन थांबली, कारण तिच्यापुढे भिंत होती. तिने दोन पानं वाचली आणि खुदकन हसली.

"अहो सर, हे आपलंच की! आपण आधी छापतो आणि मग खोडतो. हा आधी खोडतो आणि मग छापतो."

"मग पट्टी कुठे धरायची?" ग्रंथपालांनी काळजीने विचारलं.

पट्टी धरायची नव्हती. वाक्याच्या आधी चौकोनी कंसात अट लिहायची, [मुदत उलटली असल्यास], आणि वाक्य झालं की पुन्हा कंसात लिहायचं, [संपले]. संगणक त्या सदस्याचं कार्ड उघडून बघणार. अट लागू असेल तर वाक्य छापणार, नसेल तर ते वाक्य जगात कधी नव्हतंच असं वागणार. एका अटीच्या पोटात दुसरी अट घालता येते. 'नसल्यास' म्हणून वेगळं वाक्यही देता येतं. फक्त एक पथ्य: अट घालायला विसरायचं नाही. ज्या वाक्याला अट नाही ते सगळ्यांच्या पत्रात जातं, मग कुणाला हवं असो की नसो.

महिन्याभरात तिचं बोलणंच तसं झालं. "चहा उरला असल्यास अर्धा कप, नसल्यास राहू दे." तेव्हापासून ग्रंथालयात तिचं खरं नाव सगळे विसरले आणि ती जरतरबाई झाली. घरी नवऱ्यानेही तेच उचललं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मुळात कमी बोलायचा, त्यामुळे त्याने कुणाला नाव ठेवलं की ते चिकटलंच समजा.

घरी मात्र एक प्रश्न असा होता की त्याचं उत्तर कुठल्याच कार्डावर सापडत नव्हतं. सासूबाई राहणार की जाणार?

सासूबाईंना सगळं जग सिस्टर म्हणायचं. छत्तीस वर्षं मोठ्या रुग्णालयात नोकरी, त्यातली शेवटची चौदा वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणून. निवृत्त झाल्यावर त्या रुग्णालयाच्याच गावी दोन खोल्यांत एकट्या राहिल्या, आणि मजेत राहिल्या. पण गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरला आणि दोन तास फरशीवर पडून होत्या. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या काय, तर "काही नाही गं, जरा बसले होते." खरं काय ते आठ दिवसांनी शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून सिस्टरनी फोन उचलायला चार घंट्या जास्त लावल्या, तरी इकडे जरतरबाईच्या काळजात धस्स व्हायचं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सिस्टर मुलाकडे आल्या. आल्या आल्या सांगून टाकलं, "दोन महिने राहून बघते. मग काय ते सांगेन." ते दोन महिने येत्या रविवारी पुरे होत होते. त्यांची बॅग अजून कपाटावर चढली नव्हती. पलंगाशेजारी उभी होती, कुलूप लावून.

जरतरबाईला त्या राहायला हव्या होत्या. यात कुणाला नवल वाटत असेल तर खुशाल वाटो. सगळ्याच सासवा-सुना काही एकमेकींच्या मुळावर उठलेल्या नसतात. सिस्टर आल्यापासून घरात कुणीतरी बोलत होतं, बातम्या सांगणाऱ्याला उलट उत्तरं देत होतं, शब्दकोड्यावरून भांडत होतं. लिफ्टवाल्या नवऱ्याबरोबर बारा वर्षं काढलेल्या बाईला याची किंमत कळते.

पण त्यांना ठेवून घ्यायची तिची तऱ्हा मात्र साफ चुकली. सिस्टरनी कप विसळायला घेतला की ही धावायची, "आई, तुम्ही बसा." झाडू हातात घेतला, "आई, तुम्ही बसा ना." पाहुणीला जपावं तसं जपलं. छत्तीस वर्षं उभ्याने काम केलेली बाई बसून बसून आंबून गेली, आणि हिला वाटत होतं, आपण काय सेवा करतोय! दुपारी घरात कुणी नसायचं तेव्हा सिस्टर एकच काम करायच्या. आलेलं टपाल उघडायच्या. निदान ते करताना तरी कुणी बसा म्हणत नव्हतं.

महिनाभर जमवलेला हा नवा साचा येत्या सोमवारपासून सुरू व्हायचा होता. बुधवारी जरतरबाईने तो तपासायला घेतला. तपासायचं म्हणजे प्रत्येक अट एकदा लागू करून पत्र कसं निघतं ते बघायचं. त्यासाठी खोट्या सदस्यांची खोटी कार्डं करावीत, असं पुस्तिकेच्या सतराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. जरतरबाईने सोळा पानं वाचली होती. तिने सरळ घरची माणसं घेतली. मुदत उलटली असल्यास: नवरा, त्याची मुदत कधी उलटलेली नसते? पुस्तक फाटले असल्यास: ती स्वतः. आणि सदस्य दिवंगत असल्यास…

बोटांनी एक नंबर दाबला, कार्ड उघडलं, तिने 'दिवंगत'वर खूण केली आणि तिन्ही पत्रं छापायला दिली. दोन मिनिटांचं काम. पत्र बघायचं, खूण काढायची, संपलं. तेवढ्यात ग्रंथपालांची हाक आली. त्यांच्या संगणकावरचा बाण हरवला होता. बाण पडद्याच्या कोपऱ्यात सापडला. मग चहा आला. मग वाचनकक्षातल्या नळाने ठिबकायला सुरुवात केली, मग नळवाला आला आणि त्याला पाना सापडेना. या सगळ्या गडबडीत ती खूण राहिली ती राहिलीच.

बरं, छापलेले कागद तरी ट्रेमध्ये पडून राहावेत! पण त्या ग्रंथालयात टपालकाका होते. टपालकाकांनी उभ्या आयुष्यात छपाईयंत्राच्या ट्रेमध्ये कागद पडलेला बघून सोडला नव्हता. दिसला कागद की घडी, पाकीट, तिकीट, पेटी. पाच वाजायच्या आत तिन्ही पत्रं रवाना झाली. टपालकाका घरी जाताना शीळ घालत गेले असणार.

शुक्रवारी संध्याकाळी जरतरबाई घरी पोचली तर नवरा आधीच आलेला. सोफ्याच्या अगदी कडेला बसलेला, आणि चेहरा असा की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलाय. सिस्टर खुर्चीत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात कागद, मांडीवर तीन फोडलेली पाकिटं.

"ये, बस," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या ऑफिसची पत्रं आली आहेत. याची मुदत उलटली आहे. तू पुस्तक फाडलंयस. आणि हे तिसरं. वाचू?"

"वाचा ना," जरतरबाई म्हणाली. तिला अजून उजेड पडला नव्हता.

"'प्रिय कुटुंबीय, आपल्या कुटुंबातील सदस्याच्या निधनाचे वृत्त कळून दुःख झाले. दिवंगत सदस्याच्या नावावर एक पुस्तक असून ते सात दिवसांत परत करावे. सदस्य यापुढे ग्रंथालयात येणार नसल्यास तसे लेखी कळवावे.'" सिस्टर थांबल्या आणि चष्म्यावरून बघितलं. "लेखी! आणि पुढे ऐक. 'आपण बालविभागाचे वाचक असल्याने चित्रकला स्पर्धेस रंगपेटी घेऊन जरूर यावे.' खाली सदस्य क्रमांक माझा."

बालविभागाच्या वाक्याला अट घालायची राहिली होती, हे जरतरबाईला आधी सुचलं. दिवंगत कोण, हे नंतर. "अगं बाई! आई, खूण! बुधवारी मी खूण केली आणि काढायची राहिली. अहो, ती चाचणी होती! ते खरं नव्हतं!"

"खरं नव्हतं हे माझ्याही लक्षात आलं," सिस्टर म्हणाल्या.

नवऱ्याच्या नाकातून विचित्र आवाज आला. बराच वेळ दाबून धरलेलं हसू होतं ते, फुटलं एकदाचं. "आई, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"वाढू दे. तू रंगपेटी आणून ठेव."

मग मात्र तिघेही हसत सुटले. नवरा तर इतका हसला की त्याला ठसका लागला आणि सिस्टरनीच उठून त्याच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या. हसणं ओसरलं तशा त्या परत खुर्चीत बसल्या आणि कागदाची घडी घातली.

"एक विचारू? रागाने नाही विचारत. तुझ्याकडे हजारो माणसांची कार्डं. त्यातून एकाला मारायची वेळ आली, तेव्हा तुझ्या मनात मीच कशी आले?"

आवाज चढलेला नव्हता. पेशंटला कुठे दुखतंय ते विचारावं तसा होता. म्हणूनच तो लागला. नवरा उठून पाणी प्यायला आत गेला आणि आतच राहिला.

"मनात नाही आलात, आई. बोटांत आलात."

"म्हणजे?"

"मला पाठ असलेला एकच नंबर आहे, तुमचा. अकरा वर्षं दर पंधरा दिवसांनी तुमच्या कार्डावर पुस्तकं काढून पार्सल करते मी. माझा नंबर मला पर्समधलं कार्ड काढल्याशिवाय सांगता येत नाही. यांचा तर विचारूच नका. तुमचा मात्र झोपेत विचारलात तरी सांगेन." एवढं बोलून तिला रडूच कोसळलं. "खूण कशावर करतेय ते मी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर हात उचलला असता का? तुम्ही फोन घ्यायला उशीर केलात तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि मी तुम्हाला…"

सिस्टर "हं" एवढंच म्हणाल्या. नुसत्या "हं"चा काय अर्थ लावायचा? जरतरबाईला काही तो लागला नाही.

"पेन्सिल कुठे असते तुमच्याकडे?"

"तुम्ही बसा, मी आण…"

पण सिस्टर उठल्या होत्या. त्यांनी तीन खण उघडले, तिसऱ्यात पेन्सिल सापडली, टोक बघितलं, सुरीने टोक काढलं आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन पत्र पसरलं. "पत्र वाईट आहे. चूक झाली ती वेगळी, पण चूक नसती झाली तरी वाईटच आहे. इकडे ये."

जरतरबाई डोळे पुसत शेजारी जाऊन बसली.

"हे बघ. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना ही बातमी मी किती वेळा दिली असेल, मोजदाद नाही. पहिलं वाक्य माणसाबद्दल हवं. दुसरंही माणसाबद्दलच हवं. तू दुसऱ्याच वाक्यात पुस्तक मागतेस. कर्ज वसूल करायला आलीस का तू?"

"मग पुस्तक कधी मागायचं?"

"ते घरात आहे का, हे आधी बघ. असेल तर मागूच नकोस." सिस्टरनी पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या वॉर्डात एक म्हातारबाबा होते. गेले तेव्हा उशाशी ग्रंथालयाचं पुस्तक, खुणेला औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. त्यांच्या बायकोने ते पुस्तक माझ्या हातात दिलं, म्हणाली, तेवढं पोचवा. दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, हे कुठपर्यंत आले होते तेवढं बघू द्या. पान बघितलं, आणि पुस्तक घेऊन गेली. काय करणार होती त्याचं? पुढचं वाचणार होती. आता त्या बाईला तू सात दिवसांची मुदत घालणार?"

जरतरबाई उठली आणि वही घेऊन आली. सिस्टर सांगत गेल्या, ती लिहीत गेली, खोडत गेली. दोघींचं पटेना, तिथे भांडणही झालं. 'कैलासवासी' शब्द सिस्टरनी दोनदा उडवला. "माणूस कुठे गेला ते तुला काय ठाऊक?" शेवटी 'दिवंगत' या मोठ्या अटीच्या पोटात दुसरी अट बसली:

[पुस्तक घरी असल्यास] ते परत करण्याची घाई नाही. कुठपर्यंत वाचून झाले होते ते पाहावे आणि वाटल्यास पुढचे आपण वाचावे. मग कळवावे, आम्ही येऊन घेऊन जाऊ. [संपले]

"आता पुढचं," सिस्टर म्हणाल्या. "माणूस एकटाच राहत असेल तर? 'प्रिय कुटुंबीय' म्हणून तू पत्र पाठवलंस, ते उघडणार कोण?"

जरतरबाई अडली. "कुटुंबीय नसल्यास… काय छापायचं?"

"काही छापायचं नाही. शेजारी कोण आहे ते शोधायचं आणि माणूस पाठवायचा. तुमचे ते टपालकाका आहेत ना उत्साही, त्यांना पाठव." सिस्टरनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. "एकट्या माणसाचं सगळंच उशिरा कळतं. त्या दिवशी मी फरशीवर बसले नव्हते गं. हाका मारत होते."

"ठाऊक आहे मला, आई."

"ठाऊक आहे? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'बसले होते' म्हणालात. मग मी काय म्हणणार?"

सिस्टर यावर हसल्या, पण डोळे काही हसले नाहीत. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, जेवायचं काय, आणि ओट्यापाशी गेल्या. त्या संध्याकाळचं जेवण त्यांनीच केलं. मीठ जरा जास्त पडलं. नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं. बॅग मात्र पलंगाशेजारी होती तिथेच होती, आणि रविवारचं कुणी काही बोललं नाही.

शनिवारी सकाळी सिस्टर जिवंत व्हायला निघाल्या. इस्त्रीची साडी, हातात काठी, पर्समध्ये कार्ड. जरतरबाईबरोबर ग्रंथालयात शिरल्या त्या थेट काउंटरवर. तिथे नवीन लागलेली मुलगी होती, फार अदबशीर. तिने कार्ड यंत्राखाली धरलं आणि तिचा चेहरा पडला.

"आजी, हे कार्ड दिवंगत सदस्याचं आहे. तुम्हाला ते वापरता येणार नाही."

"मीच ती."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या कोण?"

"अगं, मी माझी मीच. वारले बुधवारी. शुक्रवारी पत्र मिळालं."

मुलीने उठून मागच्या खुर्चीचा आधार घेतला. जरतरबाईने तिला बाजूला बसवलं, स्वतः संगणकापुढे बसली आणि खूण काढायला गेली. निघेना. पुन्हा केलं, पुन्हा निघेना. दिवंगत सदस्याचं कार्ड दोन दिवसांनी आपोआप कायमचं बंद व्हायचं, अशी व्यवस्था होती. गेलेल्या माणसाला परत यायचं झालं तर काय, याची अट कुणी घातलेली नव्हती. घालणार तरी कोण?

तेवढ्यात ग्रंथपाल धावत आले. त्यांनी सगळं ऐकलं, पोटावर हात धरला आणि सिस्टरची सात वेळा माफी मागितली. आठव्या वेळी सिस्टरनी हात वर करून थांबवलं. "माफी पुरे. नवं पत्र वाचा. सोमवारी जाणार असेल तर हे जाऊ दे, नाहीतर तुमचा जुना कागद बरा."

ग्रंथपालांनी वहीचं पान उभ्याने वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"माझ्या वडिलांचं एक पुस्तक अजून माझ्याकडे आहे," ते हळूच म्हणाले. "आठ वर्षं झाली. ग्रंथपाल असून परत केलं नाही. कुणाला सांगू नका."

"कुठपर्यंत आले होते?" सिस्टरनी विचारलं.

"पान एकशे बारा."

"मग एकशे तेरापासून वाचा की. आठ वर्षं काय बघत बसलात?"

ग्रंथपाल लहान मुलासारखे मान हलवत राहिले. मग त्यांनी वहीच्या पानावर 'मंजूर' लिहून सही केली. पोटात गोळा न येता एखाद्या नव्या गोष्टीवर त्यांनी सही केल्याचं जरतरबाईने पहिल्यांदाच बघितलं. तिचा जीव निम्मा भांड्यात पडला. उरलेला निम्मा रविवारपाशी अडकलेला होता.

"आता सिस्टरचं काय करायचं?" ती म्हणाली. "जुनं कार्ड उघडत नाही."

"नवं सभासदत्व," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी स्वतः जाऊन अर्ज आणला. सिस्टरनी तो काउंटरवरच भरायला घेतला. अक्षर टपोरं, वॉर्डच्या तक्त्यावर लिहावं तसं. जन्मतारीख लिहिली. व्यवसायाच्या रकान्यात आधी 'निवृत्त' लिहिलं, मग थोडा विचार करून पुढे 'परंतु उपलब्ध' असं जोडलं.

त्याच्याखाली दोन रकाने होते. कायमचा पत्ता. तात्पुरता पत्ता.

सिस्टरचं पेन थांबलं. जुन्या कार्डावर कायमचा पत्ता त्या दोन खोल्यांचा होता, जरतरबाईच्या घरचा पत्ता नुसता टपालापुरता. जरतरबाईने ते बघितलं आणि ती पटकन दुसरीकडे बघायला लागली. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. तिने ती पाटी चार-पाच वेळा वाचली. तिला विचारायचं होतं, राहा ना म्हणायचं होतं. पण उद्यापर्यंतची मुदत सिस्टरनीच घेतली होती. मधे बोलून घाई करायला ती कोण?

पेन पुन्हा चालायला लागल्याचा आवाज आला. बराच वेळ चालत होतं. मग एक लांब, सरळ रेघ ओढल्याचा आवाज.

"हे बघ गं, बरोबर आहे का," सिस्टर म्हणाल्या. "गल्लीचं नाव मी नेहमी चुकते."

जरतरबाईने वाकून बघितलं. रेघ तात्पुरत्या पत्त्याच्या रकान्यात होती. वर, कायमच्या रकान्यात, घराचा क्रमांक होता, तिसरा मजला होता, लिफ्टच्या उजव्या हाताचं दार होतं आणि गल्लीचं नाव अगदी बरोबर होतं.

तिने नुसती मान हलवली.

"बरोबर ना? मग झालं." सिस्टरनी पेनाचं टोपण लावलं. "आणि दारावरच्या पाटीवर तुम्हा दोघांचीच नावं आहेत. माझंही घालायला हवं. नाहीतर उद्या माझ्या नावाचं पत्र आलं तर टपालवाला परत नेईल. पाटी करणारा कुणी आहे का इथे जवळ?"

"आहे… मी सोमवारी…"

"सोमवारी कशाला? आत्ता दुकान उघडं असेल. मी जाऊन येते. कुठे आहे ते सांग."

जरतरबाईने सांगितलं. रडत रडतच सांगितलं, त्यामुळे डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते सिस्टरना दोनदा विचारून घ्यावं लागलं.